मुद्दामची खूण

२० नोव्हेंबर १९७७, रविवार

मानसिंगरावांनी सांगितलं म्हणून ही वही. ते म्हणतात, पंचाने मॅच संपली की त्याच दिवशी चार ओळी लिहून ठेवाव्यात. दुसऱ्या दिवसापासून आठवण आपल्याच बाजूने बोलायला लागते. ते मूळचे माळशिरसकडचे. इथल्या एका हायस्कूलमध्ये खेळाचे शिक्षक आहेत आणि वीस वर्षं शिट्टी वाजवतायत. मला पंचाची परीक्षा पास होऊन पाचच महिने झाले. कॉलेजच्या मुलींच्या विभागीय बास्केटबॉल सामन्यांना यंदा एक तरी बाई पंच हवी म्हणून मला बोलावलं आहे.

शाळेत मी हत्तुरे बाई. घरी अव्वा, म्हणजे आई, मला सिद्धम्मा म्हणते, चिडली की नुसतंच मास्तरीण. आज तिला नवी शिट्टी दाखवली तर म्हणाली, "तीस वर्साची झालीस की गं. आता शिट्ट्या वाजवत फिर बाळीवेशीतनं."

नियमांचं पुस्तक पुन्हा वाचून काढलं. एकाच ठिकाणी अडते. मुद्दाम केलेला फाऊल. पंचाच्या मते जो जाणूनबुजून केला तो. साध्या फाऊलला कडेवरून बॉल द्यायचा, याला दोन फ्री थ्रो. पण समोरचीच्या मनात काय होतं ते पंचाला कसं दिसणार? मानसिंगरावांना विचारलं. म्हणाले, "मनात बघायला जाऊ नका. हात बघा. हात बॉलकडं चाललाय का माणसाकडं, एवढंच."

ऐकायला सोपं वाटलं. घरी येईपर्यंत पुन्हा अवघड झालं.

२५ नोव्हेंबर, शुक्रवार

सेमीफायनल. बसम्मा म्हेत्रे आमच्या इथल्या कॉलेजकडून खेळली. सात नंबर. मंद्रूपची. आठवीपासून अकरावीपर्यंत माझ्या शाळेत होती, मावशीकडे राहून शिकली. पहिल्यांदा बॉल हातात दिला तेव्हा तिने तो पोटाशी धरला होता, कोणी हिसकावून नेईल असा. आता ती ड्रिबल करत निघाली की समोरच्या मुली बाजूला होतात.

मॅचआधी मानसिंगरावांनी विचारलं होतं, "तुमची विद्यार्थिनी खेळतेय ना? चालंल ना तुम्हाला?" मी म्हटलं, होती, आता ती कॉलेजची आहे. मला काय फरक पडतो.

दुसऱ्या अर्ध्यात रिंगखाली बसम्माचा खांदा एकीला लागला. मला तो फाऊल वाटला नाही. कुंपणापाशी बसलेली समोरच्या कॉलेजची पोरं ओरडली, "हत्तुरे बाईंची लाडकी!" मग प्रत्येक वेळी तेच. ती जिंकली तेव्हाही तेच.

मॅचनंतर बसम्मा धावत माझ्याकडे आली. मी कागदांवर सह्या करत होते. "नंतर ये" म्हटलं. चारचौघांत पंचाशी बोललेलं बरं दिसत नाही, एवढं तिला कळायला हवं होतं.

३ डिसेंबर, शनिवार

आज जसं झालं तसं लिहून ठेवायचं आहे. जमेल तेवढं.

फायनल. आमचं कॉलेज आणि बार्शीचं कॉलेज. मी आणि मानसिंगराव. सिमेंटच्या कोर्टवर वाऱ्याने मुरूम येऊन पडला होता, दोनदा झाडून घेतला. गर्दी खूप. मुलींनी हाफ पँटी घातल्या आहेत हे बघायलाच अर्धे लोक आलेले असतात.

शेवटची दहा-बारा सेकंदं. आम्ही ४१, बार्शी ४०. बार्शीच्या रंभाने मधूनच पास तोडला आणि एकटी आमच्या रिंगकडे पळत सुटली. पुढे कोणी नाही. मानसिंगरावांचा गुडघा दुखरा, ते पलीकडेच मागे पडले. मी रंभाच्या मागून धावत होते. माझ्या आणि तिच्या मध्ये बसम्मा. रंभाने अजून बॉल टाकायला उचललेला नव्हता, ड्रिबलच चालू होता. बसम्माने हात लांबवला आणि रंभाचा सदरा पाठीमागून मुठीत धरला. धरला, लागला नाही. दोघी पडल्या, रंभा बसम्माच्या अंगावर. सदरा खांद्यापासून खालपर्यंत फाटला.

मी शिट्टी वाजवली.

मग पोरांनी जो आवाज केला तो लिहिण्यासारखा नाही. मानसिंगरावांनी स्वतःचा कोट काढून रंभाच्या अंगावर टाकला. मी टेबलाकडे वळले, सात नंबर दाखवला, हात वर करून मनगट धरलं. मुद्दामची खूण.

तो बसम्माचा पाचवा फाऊल होता. ती बाहेर गेली. रंभाने कोट काढून दुसऱ्या एकीचा सदरा घातला आणि दोन्ही फ्री थ्रो टाकले. ४१–४२.

हात माणसाकडे गेला होता. बॉलकडे नव्हता. हे मी शपथेवर सांगेन.

४ डिसेंबर, रविवार

काल एक गोष्ट लिहायची राहिली. शिट्टी वाजवली तेव्हा साधा फाऊल द्यायचा की मुद्दामचा, हे मी ठरवलेलं होतं का? आज सकाळपासून आठवतेय. शिट्टी, मग फाटलेला सदरा, मग तो आवाज, मग माझा हात. सदरा फाटला नसता तर हात वर गेला असता का? गेला असता. नक्की गेला असता.

बसम्माचे पाच फाऊल झाले, पाचही मी दिलेले. मानसिंगरावांनी एकही नाही. योगायोग असेल. ती सारखी माझ्याच बाजूला खेळत होती.

अव्वाने विचारलं, "ती मंद्रूपची पोर रडली का गं?" मला माहीत नव्हतं.

७ डिसेंबर, बुधवार

आमच्या कॉलेजने स्पर्धा समितीकडे तक्रार केली आहे. फाऊल साधा होता, पंचांनी गर्दीच्या दबावाखाली मुद्दामचा दिला, निकाल रद्द करावा. समितीने माझ्याकडे लेखी अहवाल मागितला. वीस तारखेच्या आत.

त्याहून वाईट म्हणजे, विद्यापीठाच्या संघाच्या शिबिरासाठी बारा मुलींची यादी निघाली होती आणि तिच्यात बसम्मा होती. आता ते नाव अडवून ठेवलंय. मुद्दाम मारामारी करणारी मुलगी विद्यापीठाला नको, असं निवडीतले कोणीतरी म्हणाले म्हणे. मारामारी! मी मारामारी कुठे म्हटलं?

दुपारी कॉलेजच्या प्राचार्यांनी बोलावून घेतलं. चहा दिला. म्हणाले, "बाई, नजरचूक कोणाकडूनही होते. दोन ओळी लिहून द्या, मुलीचं भलं होईल." संध्याकाळी मानसिंगराव भेटले. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "वाजवलेली शिट्टी परत गिळता येत नाही. आज चूक म्हणालात तर पुढच्या मॅचला पोरं तुमच्या शिट्टीवर हसतील."

दोघांचंही पटतं. हीच अडचण आहे.

बसम्मा शनिवारपासून कॉलेजला गेलेली नाही.

११ डिसेंबर, रविवार

मंद्रूपला जाऊन आले. दहाची एस.टी. घरी सगळे होते. बसम्माचे वडील चनमल्लप्पा ज्वारीच्या राखणीवरून नुकतेच परतले होते. त्यांनी बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं, पण "कसं काय येणं केलं" म्हणाले नाहीत.

मी पाणी प्यायले. मग तेच म्हणाले, "बाई, तुमीच हिच्या हातात बॉल दिला की."

"हो."

"आमी नको म्हणत व्हतो. भावकी हसत व्हती. तुमी हितं येऊन बसला, म्हणला पोर नाव काढंल. मी म्हणलो, बाई म्हणत्यात तर असंल."

"मला आठवतंय."

"आता गावात पोरं म्हणत्यात, चनमल्लप्पाच्या पोरीनं एका पोरीचा सदरा फाडला चार लोकांत. मुद्दाम. पंचानंच म्हणलंय म्हणं, मुद्दाम."

मी समजावून सांगायला लागले. म्हटलं, नियमातला मुद्दाम वेगळा असतो. त्यात वाईट मनाचा अर्थ नसतो. हात जाणून गेला एवढंच. त्याला शिक्षा दोन फ्री थ्रोची, बाकी काही नाही.

त्यांनी सगळं नीट ऐकलं. मग म्हणाले, "न्हाय बाई. तुमचं पुस्तक काय बी म्हणू दे. मुद्दाम म्हंजे मुद्दाम."

खरं तर ते बरोबर म्हणत होते. इंग्रजीतल्या ‘इंटेन्शनल’ शब्दात तो वाईटपणा नव्हता. आपण मराठीत आणला तेव्हा तो येऊन बसला. पण मी तो शब्द कॉलेजच्या मैदानात ओरडून सांगितला नव्हता, नुसता हात दाखवला होता.

बसम्मा चहा घेऊन आली. कंबर धरून चालत होती. सिमेंटवर आपटली तेव्हापासून दुखतंय. मी विचारलं, "तू का धरलंस तिला?"

"म्हाईत न्हाय, बाई."

"आठव ना. बास्केट अडवायचं होतं का? त्यात लपवण्यासारखं काही नाही, सगळेच करतात."

"म्हाईत न्हाय म्हणलं की."

थोड्या वेळाने, वडील दावणीकडे गेल्यावर, तिने विचारलं, "बाई, दुसऱ्या कुणी धरलं असतं तर तुमी दिला असता का तसा?"

"दिला असता," मी म्हटलं.

फार पटकन म्हटलं. परतीच्या गाडीत सगळा वेळ तेच. एखाद्या गोष्टीची पूर्ण खात्री असली म्हणजे उत्तर पटकन येतं, नाही का?

१४ डिसेंबर, बुधवार

अहवाल लिहायला बसले. तीन वेळा लिहिला. तिन्ही वेळा वेगळा निघाला.

आज वर्गात मुलींना फाऊल शिकवत होते. एकीने विचारलं, "बाई, मुद्दाम म्हणजे कसं ओळखायचं?" मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात.

१८ डिसेंबर, रविवार

बार्शी. मानसिंगराव म्हणाले होते, पंचाने खेळाडूच्या घरी जाऊ नये. तरी गेले. म्हटलं, मंद्रूपला गेले तर बार्शीलाही जायला हवं, नाहीतर तेही एका बाजूचंच होईल.

रंभाचं घर मोंढ्याच्या मागे. दारात बाजरीची पोती. तिची आई सोजरबाई, अगदी मोकळी बाई. "तुमीच का त्या शिट्टीवाल्या? या की, बसा. सदरा टाचला बघा, कुटं फाटला व्हता वळकून दावा." सदरा दाखवलाच. खरंच ओळखू येत नव्हता.

रंभा हडकुळी, उंच, बोलताना हसणारी. मी सरळ विचारलं, "बसम्माने तुला धरलं तेव्हा काय झालं? तुला काय वाटलं?"

ती म्हणाली, "बाई, मी तर पडतच होते. मुरमावर पाय गेला माझा. बॉल सुटत होता आणि समोर तो बोर्डाचा लोखंडी खांब. मी डोळे मिटले. तेवढ्यात मागून वढलं तिनं."

"म्हणजे तिने तुला वाचवायला धरलं?"

"ते मला काय ठाऊक? माझी पाठ होती तिच्याकडे. पण धरलं नसतं तर डोकं खांबावर होतं."

"हे तू आजवर कोणाला सांगितलं का नाहीस?"

"कुणी विचारलंच न्हाय की." मग म्हणाली, "मी लिहून देते. पण बाई, मॅच आमचीच राहील ना?"

मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं.

मी मागून धावत होते. मला हात दिसला, मूठ दिसली, सदरा दिसला. खांब मला दिसलाच नाही. तो तिथे सामना सुरू झाल्यापासून होता, रेषेपासून दोन हातांवर, आणि मीच सकाळी मानसिंगरावांना म्हटलं होतं, हा खांब फार जवळ आहे. (आत्ता आठवलं. तीन तारखेला लिहिलं का नाही?)

पण आता जास्तच गोंधळ झाला. समजा तिने वाचवायलाच धरलं. तरी हात माणसाकडेच गेला, बॉलकडे नाही. जाणूनच गेला. म्हणजे फाऊल मुद्दामचाच. मग मी बरोबर. मग मला बरं का वाटत नाही?

आणि समजा तिने बास्केट अडवायला धरलं आणि रंभा योगायोगाने वाचली. तर? बसम्मा म्हणते माहीत नाही. मला वाटलं होतं ती लपवतेय. आता वाटतं, तिला खरंच माहीत नसेल. पळताना, एका क्षणात, माणसाला आपल्या हाताचं कारण कुठे माहीत असतं?

मग माझ्या हाताचं?

२० डिसेंबर, मंगळवार

अहवाल दिला. शेवटी चौथ्यांदा जो लिहिला तो. इथे उतरवून ठेवते.

"१. बसम्मा म्हेत्रे हिने प्रतिस्पर्धी खेळाडूचा सदरा जाणून धरला. नियमानुसार निर्णय योग्य होता, तो बदलू नये. २. धरण्यामागचं कारण मला दिसलं नाही. प्रतिस्पर्धी खेळाडूचं लेखी निवेदन सोबत जोडलं आहे, त्यावरून इजा करण्याचा हेतू मुळीच दिसत नाही. तिच्या वर्तनावर ठपका ठेवू नये. ३. मी तिची चार वर्षं शिक्षिका होते. या सामन्यात पंच म्हणून मी उभं राहायला नको होतं."

देण्याआधी मानसिंगरावांना दाखवला. पहिलं वाक्य वाचून मान हलवली. दुसरं वाचून म्हणाले, "ठीक." तिसरं वाचून चष्मा काढला.

"हे कशाला? तुम्ही तिला झुकतं माप तर दिलं नाही. उलट..."

"उलट काय?"

त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "उलट काही नाही. पण हे वाक्य काढा. यानं तुमचंच नुकसान होईल."

"पण खरं आहे ना?"

"खरं आहे म्हणूनच म्हणतोय."

काढलं नाही. प्राचार्य पुन्हा भेटले तर तोंड वाकडं करतील. ‘उलट’च्या पुढे मानसिंगराव काय म्हणणार होते कोण जाणे.

३० डिसेंबर, शुक्रवार

समितीचं पत्र आलं. तक्रार फेटाळली. विजेतेपद बार्शीचंच. बसम्माचं नाव यादीत कायम, आठ तारखेला कोल्हापूरच्या शिबिराला हजर व्हायचं. आणि शेवटी एक ओळ: श्रीमती हत्तुरे यांना पुढील एक वर्ष आंतरमहाविद्यालयीन सामन्यांसाठी बोलावण्यात येणार नाही.

अव्वाला वाचून दाखवलं. तिने विचारलं, "म्हंजे तू चुकलीस का बरोबर?"

"बरोबर."

"मग शिक्षा कशाची?"

मी परत पत्र वाचलं. त्यात कारण दिलेलं नाही.

दुपारी मानसिंगराव घरी आले. पहिल्यांदाच आले. अव्वाने कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुढे ठेवली. ते खात बसले. जाताना म्हणाले, "वर्ष म्हणजे काय, दिवस मोजत नसतो माणूस. शाळेच्या मुलींची मॅच लावा, मी येतो पंच म्हणून. बिनबोलावता येतो."

८ जानेवारी १९७८, रविवार

सकाळी एस.टी. स्टँडवर गेले. बसम्मा कोल्हापूरच्या गाडीला निघणार हे तिच्या मावशीकडून कळलं होतं. चनमल्लप्पा सोबत होते, डोक्याला नवा पटका. मला बघून पुढे आले.

"बाई, कागदात तुमी सोताचंच नाव घातलं म्हणं."

"हो."

"कशापायी?"

"खरं होतं म्हणून."

त्यांनी मान हलवली. म्हणाले, "गावात मी सांगितलं, माझ्या पोरीनं त्या पोरीचं डोस्कं वाचवलं. बार्शीच्या पोरीनं लिवून दिलंय." मग हळूच, "तसंच झालं व्हतं ना, बाई?"

"रंभाने तसं लिहिलं आहे," एवढंच म्हटलं. त्यांना तेवढं पुरलं. ते जागा धरायला गाडीत चढले.

बसम्मा आणि मी खाली राहिलो. मी म्हटलं, "बरं झालं ना सगळं? आता मन लावून खेळ. माझ्यावरचा राग सोडून दे."

"राग न्हाय, बाई."

"फाऊल दिला म्हणून तू चिडली होतीस. साहजिक आहे."

ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. म्हणाली, "फाऊल द्या की. तुमचं कामच हाय ते. पर मी खाली पडली व्हती. कंबर लागली व्हती. रंभाला समदे उचलायला आले. मी तुमच्याकडं बगत व्हते. तुमी एकदा बी बगितलं न्हाय."

मी म्हटलं, "शिट्टी दिल्यावर पंचाने टेबलाकडे बघायचं असतं. नंबर दाखवायचा असतो."

"व्हय, म्हाईत हाय," ती म्हणाली. मग वाकून माझ्या पाया पडली आणि गाडीत चढली. खिडकीतून हात दाखवला. गाडी निघाली.

घरी आले. अव्वा गड्ड्याच्या जत्रेच्या तयारीत, डबे घासत होती. "जेव," म्हणाली. जेवले नाही. पुस्तक काढलं. टेबलाकडे कधी बघायचं, कसं उभं राहायचं, बोटं कशी दाखवायची, सगळं आहे. खाली पडलेल्या खेळाडूकडे बघू नये, असं कुठेही नाही.

मग पत्र लिहायला घेतलं. बसम्मा, कंबर आता कशी आहे? हे आधी. मग शिबिरात पाणी उकळून पी, वगैरे. ते लिहून झालं तरी कागद बराच उरला होता. खाली लिहिलं: "त्या दिवशी मी तुझ्याकडे बघितलं असतं, तर तो हात वर करू शकले नसते. म्हणून बघितलं नाही."

लिहिल्यावर दोनदा वाचलं. हे मला आधी माहीत होतं का, ते सांगता येत नाही. पण खोडलं नाही. पाकीट चिकटवलं आणि अव्वाने पुन्हा जेवायला हाक मारायच्या आत कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून आले.